रोमन चांदीची नाणी आणि ती पाडणारे सत्ताधीश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राचीन रोमच्या चांदीच्या नाण्यांबद्दल वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे प्राथमिक माहितीपासून अडचणीच्या अपवादांपर्यंत क्रमाने लावले आहेत. तोच मजकूर दोनदा येऊ नये म्हणून आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : नाण्यावरचे चित्र आणि नाण्यातली चांदी या दोन स्वतंत्र साक्षी आहेत, आणि त्या पुष्कळदा एकमेकींच्या विरुद्ध जातात.

१. रोमन चांदीचे नाणे म्हणजे नेमके कोणते नाणे?

बहुतेक वेळा डिनेरियस. इ.स.पू. २११ च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याविरुद्धचे युद्ध ऐन भरात असताना रोमने ते चलनात आणले आणि पुढे सुमारे साडेचारशे वर्षे ते रोमन चलनाचा कणा राहिले. त्याच्या आरंभाच्या तारखेवर अभ्यासकांमध्ये दीर्घकाळ वाद होता. सिसिलीतील मॉर्गन्तिना हे शहर रोमनांनी इ.स.पू. २११ मध्ये जिंकले. तेथील उत्खननात त्या विध्वंसाच्या थरात जवळजवळ न झिजलेली डिनेरियस नाणी मिळाली आणि वाद बहुतांशी मिटला.

आरंभीच्या नाण्याचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम होते, म्हणजे एका रोमन पौंडात ७२ नाणी; काही वर्षांतच ते एका पौंडात ८४, म्हणजे सुमारे ३.९ ग्रॅमवर स्थिरावले. दर्शनी बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि तिच्या मानेमागे रोमन दहाचा अंक असे. मागच्या बाजूला घोडे फेकत निघालेले कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव व खाली ‘रोमा’ ही अक्षरे. दहाचा अंक म्हणजे ‘आस’ नावाच्या दहा तांब्याच्या नाण्यांइतकी किंमत. इ.स.पू. १४१ च्या सुमारास हा दर १६ आस झाला. त्याखेरीज अर्ध्या किमतीचे क्विनेरियस आणि पाव किमतीचे सेस्टर्शियस अशी लहान चांदीची नाणीही होती. पुढे साम्राज्यकाळात सेस्टर्शियस हे मोठे पितळी नाणे झाले, त्यामुळे जुने लेख वाचताना गोंधळ होतो.

२. एका डिनेरियसची किंमत तेव्हा किती होती? आजच्या रुपयांत सांगता येईल का?

रुपयांतले उत्तर फसवे ठरेल, कारण धान्य, मजुरी आणि चांदी यांचे परस्परप्रमाण तेव्हा अगदी वेगळे होते. तत्कालीन हिशेब मात्र पक्का आहे : चार सेस्टर्शियसचा एक डिनेरियस आणि २५ डिनेरियसचा एक ऑरियस, म्हणजे सोन्याचे नाणे. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात सामान्य पायदळ सैनिकाचा वार्षिक पगार २२५ डिनेरियस होता आणि पुढे सम्राट डोमिशियनने तो ३०० केला. बायबलच्या नव्या करारातील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात मजुराची दिवसाची मजुरी एक डिनेरियस ठरते, त्यावरून साधारण अंदाज बांधता येतो.

३. सम्राटांपूर्वीच्या रोमन प्रजासत्ताकात राजाच नव्हता, मग नाण्यांवर नाव कोणाचे असे?

टाकसाळीची जबाबदारी दरवर्षी तीन तरुण अधिकाऱ्यांवर सोपवली जाई. राजकीय कारकिर्दीची ही पहिली पायरी होती. सुरुवातीला हे अधिकारी नाण्याच्या कोपऱ्यात एखादे चिन्ह किंवा नावाची आद्याक्षरे टाकून थांबत, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र त्यांना चित्र निवडण्याची मोकळीक मिळत गेली आणि त्यांनी आपल्या घराण्याचे पोवाडे नाण्यांवर गायला सुरुवात केली. मत मागायला उभे राहण्यापूर्वी घराण्याचे नाव लाखो हातांतून फिरवण्याचा हा मार्ग सरकारी खर्चाने मिळत होता, हे विसरून चालणार नाही.

सगळेच मात्र आत्मस्तुतीचे नव्हते. पब्लियस पोर्कियस लाएका याने इ.स.पू. ११० च्या सुमारास पाडलेल्या नाण्यावर लष्करी वेशातील अधिकारी हात उगारून उभा आहे, त्याच्यासमोर साधा नागरिक आहे आणि खाली ‘प्रोवोको’, म्हणजे ‘मी दाद मागतो’, असे एकच क्रियापद आहे. शिक्षेविरुद्ध नागरिकांच्या सभेकडे दाद मागण्याचा रोमन नागरिकाचा हक्क लाएकाच्या घराण्याने पुढे नेला होता, त्याची ही आठवण. इतक्या कमी जागेत कायद्याचे कलम सांगणारे दुसरे नाणे निदान मला तरी ठाऊक नाही.

टायटस कॅरिसियस याचे इ.स.पू. ४६ चे नाणे जवळून पाहण्याजोगे आहे. एका बाजूला जूनो मोनेटा देवीचे मस्तक आहे. कॅपिटोलिन टेकडीवर तिच्या देवळालगतच टाकसाळ होती. दुसऱ्या बाजूला टाकसाळीतली हत्यारे आहेत : ऐरण, सांडशी आणि हातोडा. दर्शनी बाजूचा ठसा ऐरणीत बसवायचा, तापवलेली चांदीची चकती सांडशीने त्यावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. प्रत्येक घाव हाताने घातलेला असल्यामुळेच चित्र कधी एका अंगाला सरकलेले असते, कधी अक्षरे कडेबाहेर गेलेली असतात. त्याला दोष समजू नये.

४. माझ्याकडील चित्रात सुल्लाचा चेहरा आहे. म्हणजे ते सुल्लाने पाडलेले नाणे ना?

नाही. रोमन सेनापती आणि सर्वाधिकारी सुल्ला इ.स.पू. ७८ मध्ये वारला आणि त्याचा चेहरा असलेले डिनेरियस त्याचा नातू क्विंटस पॉम्पेयस रूफस याने इ.स.पू. ५४ च्या सुमारास पाडले. सुल्लाच्या हयातीत त्याच्या नावाची नाणी निघाली, पण त्यांवर त्याचा चेहरा नाही. जिवंत माणसाचा चेहरा रोमच्या टाकसाळीतून निघालेल्या नाण्यावर येत नसे. पूर्वजांना हा नियम लागू नव्हता. त्यामुळे चेहरा कोणाचा आणि नाणे कोणाचे, हे दोन प्रश्न नेहमी वेगळे विचारावेत. हीच गोष्ट सीझरचा प्रतिस्पर्धी सेनापती थोरला पॉम्पी याची : त्याचा चेहरा असलेली बहुतेक चांदीची नाणी त्याच्या हत्येनंतर त्याच्या मुलांनी, विशेषतः सेक्स्टसने, बापाच्या नावावर सैन्य उभे करताना पाडली.

५. सीझरच्या हत्तीच्या नाण्याचा अर्थ काय?

इ.स.पू. ४९ मध्ये सेनापती ज्युलियस सीझरने इटलीच्या सीमेवरची रुबिकॉन नदी सैन्यासह ओलांडली, पॉम्पी आणि बहुतेक सिनेट (ज्येष्ठ पुढाऱ्यांची सभा) इटली सोडून गेले आणि रोममधील शनिमंदिरात ठेवलेला सरकारी खजिना सीझरने ताब्यात घेतला. हत्तीचे डिनेरियस याच यादवीच्या आरंभी निघाले आणि इतक्या प्रचंड संख्येने निघाले की आजही ते विक्रीत नेहमी दिसते. हत्ती एका सापासारख्या आकृतीला पायाखाली तुडवतो आहे आणि खाली फक्त ‘सीझर’ असे लिहिले आहे. तुडवली जाणारी वस्तू साप, की गॉल लोकांचे रणशिंग, यावर एकमत नाही. मागच्या बाजूला पळी, कुऱ्हाड, पुरोहिताची टोपी अशी पूजेची साधने आहेत, सीझर इ.स.पू. ६३ पासून रोमचा मुख्य पुरोहित होता.

माझ्या मते हत्तीपेक्षा मागची बाजूच अधिक बोलकी आहे. ज्या माणसाला सिनेट बंडखोर ठरवू पाहत होते, त्याने आपले सर्वांत निर्विवाद पद सैनिकांच्या हातात ठेवले.

६. सीझरने स्वतःचा चेहरा नाण्यावर आणला यात एवढे आक्षेपार्ह काय होते?

पूर्वेकडच्या देशांत जिवंत माणसाचा चेहरा राजाच्या नाण्यावर असे, आणि रोमन माणसाला ‘राजा’ या कल्पनेचीच चीड होती. इ.स.पू. ४४ च्या आरंभी सिनेटच्या परवानगीने सीझरचा चेहरा रोमच्या डिनेरियसवर आला. मान सुरकुतलेली, डोक्यावर पुष्पहार. त्याच वर्षी टाकसाळ-अधिकाऱ्यांची संख्या तिनावरून चार झाली होती. या मालिकेतील काही नाण्यांवर त्याचे पद ‘आजीवन सर्वाधिकारी’ असे कोरले आहे. १५ मार्चला त्याचा खून झाला, म्हणजे ही नाणी बाजारात येऊन जेमतेम काही आठवडेच झाले होते. खुनाचे कारण एकटे नाणे नव्हते. पण आजीवन सत्ता ही अफवा आहे असे म्हणण्याची सोय या नाण्याने ठेवली नाही.

७. ‘आयड्स ऑफ मार्च’ नाणे खरोखर ब्रूटसनेच काढले का? ते इतके महाग का?

होय. इ.स.पू. ४२ मध्ये, फिलिपीच्या लढाईपूर्वी, सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसच्या सैन्याबरोबर फिरणाऱ्या टाकसाळीतून ते निघाले. मागच्या बाजूला दोन खंजीर आहेत, मध्ये गुलामाला मुक्त करताना घालतात ती टोपी आहे आणि खाली ‘आइड मार’ म्हणजे १५ मार्च ही तारीख आहे. खुनाची जाहीर कबुली आणि त्याचे समर्थन दोन्ही एका चित्रात आले. खंजीर दोन का, याचे प्रचलित उत्तर ब्रूटस आणि कटातला त्याचा साथीदार कॅसियस असे आहे. इतिहासकार कॅसियस डिओ याने या नाण्याचे वर्णन केले आहे. प्राचीन लेखकाने एखाद्या नाण्याच्या चित्राची अशी दखल घेणे दुर्मीळ आहे.

आता विसंगती पाहा. इ.स.पू. ५४ च्या सुमारास तरुण ब्रूटस टाकसाळ-अधिकारी होता, तेव्हा त्याने ‘लिबर्टास’ म्हणजे स्वातंत्र्यदेवी आणि शेवटच्या राजाला हाकलणारा आपला पूर्वज लुशियस ब्रूटस यांची चित्रे काढली होती. बारा वर्षांनी, एकाधिकारशाही मोडल्याचा डंका पिटणाऱ्या नाण्याच्या दर्शनी बाजूला त्याने स्वतःचाच चेहरा कोरला. सीझरवर ज्या गोष्टीचा आरोप, तीच गोष्ट. सैनिकांना पगार कोण देतो हे कळायला हवे, या गरजेपुढे तत्त्व मागे पडले असावे.

चांदीची सुमारे शंभर नाणी ज्ञात आहेत, सोन्याची अगदी मोजकी. सोन्याचे एक नाणे २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ३२ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. त्याच्या मालकीचा इतिहास बनावट असल्याचे निष्पन्न झाल्यावर २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील तपासयंत्रणेने ते ग्रीसला परत केले. खरेदीदारांनी या प्रकरणाचा बोध प्रश्न १८ शी जोडून घ्यावा.

८. मार्क अँटनीची ‘लीजन’ नाणी इतकी झिजलेली का असतात?

कारण ती दोनशेहून अधिक वर्षे चलनात राहिली. अ‍ॅक्टियमच्या लढाईपूर्वी, इ.स.पू. ३२–३१ मध्ये, पुढे ऑगस्टस झालेल्या प्रतिस्पर्ध्याशी लढताना अँटनीने आपल्या सैन्याचा आणि आरमाराचा पगार भागवण्यासाठी ही नाणी पाडली : एका बाजूला युद्धनौका, दुसऱ्या बाजूला दोन निशाणांमध्ये गरुडध्वज आणि त्या त्या लीजनचा, म्हणजे सैन्यदलाचा, क्रमांक. चांदी किंचित हिणकस होती. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने अँटनीवर चांदीत लोखंड मिसळल्याचा ठपका ठेवला आहे. प्रत्यक्षात भेसळ तांब्याची आहे.

हिणकसपणाच त्यांच्या दीर्घायुष्याचे कारण ठरला. लोक चांगल्या कसाची नाणी साठवतात किंवा आटवतात आणि हलकी पुढच्याच्या गळ्यात मारतात. नीरोने नवी नाणी हलकी केली (प्रश्न ११) तेव्हाही अँटनीची नाणी आटवून फारसा फायदा होणार नव्हता, म्हणून ती फिरतच राहिली. पराभूत सेनापतीच्या पगाराचे नाणे त्याला हरवणाऱ्याच्या वारसांच्या राज्यात पिढ्यान्पिढ्या चालले. मार्कस ऑरेलियस आणि लुशियस व्हेरस यांनी तर सहाव्या लीजनच्या नाण्याची नवी आवृत्तीच काढली.

९. ऑगस्टसने नाण्यांमध्ये काय बदलले?

टाकसाळ एका घराण्याच्या हातात आणली. त्याच्या कारकिर्दीत चांदीच्या नाण्यांवरून टाकसाळ-अधिकाऱ्यांची नावे नाहीशी झाली आणि सोन्याचांदीचे मुख्य काम इ.स.पू. १५ च्या सुमारास लुग्डुनम, म्हणजे आजचे फ्रान्समधील लियाँ, येथे गेले. विषय बदलले : इजिप्त जिंकल्याचे सांगणारी मगर, इराणच्या पार्थियनांकडून परत मिळवलेली लष्करी निशाणे, दैवी ज्युलियस सीझरचा धूमकेतू. वारस म्हणून दत्तक घेतलेले नातू गायस आणि लुशियस ढाली व भाले घेऊन उभे असलेले डिनेरियस त्याने अफाट संख्येने काढले. लुशियस इ.स. २ मध्ये आणि गायस इ.स. ४ मध्ये वारला, सत्ता सावत्र मुलगा टायबेरियसकडे गेली; नाणी मात्र जगभर फिरत राहिली आणि भारतातही पोचली (प्रश्न १६).

१०. येशूला दाखवलेले ‘कराचे नाणे’ हेच का?

शुभवर्तमानात ‘हा चेहरा कोणाचा?’ असा प्रश्न आहे आणि उत्तर ‘कैसराचा’ असे येते. तेव्हा टायबेरियसचे राज्य असल्यामुळे त्याचे नेहमीचे डिनेरियस, ज्याच्या मागे हातात राजदंड घेऊन बसलेली स्त्री आहे, या नावाने विकले जाते. ही ओळख शक्य कोटीतली आहे, सिद्ध नाही. त्या काळी यहुदी प्रदेशात डिनेरियस फारसे फिरत नव्हते असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, आणि ऑगस्टसचे नाणेही वर्णनात बसते. या नावासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

११. चांदीचा कस कसा घसरत गेला? कोणत्या सम्राटाने सर्वांत जास्त भेसळ केली?

ऑगस्टसचे डिनेरियस जवळजवळ शुद्ध होते, कस सुमारे ९८ टक्के. इ.स. ६४ मध्ये, ज्या वर्षी रोम जळाले, नीरोने दोन गोष्टी एकदम केल्या : एका पौंडातून ८४ ऐवजी ९६ नाणी काढली आणि कस सुमारे ८० टक्क्यांवर आणला. वजन घटले की तराजूत कळते. कस घटला तर सराफाला कसोटी लावावी लागते. दोन्ही एकत्र केल्यामुळे एका नाण्यातली चांदी पाव हिश्श्याहून अधिक कमी झाली.

यानंतर एकसारखी घसरण झाली असे सर्रास लिहिले जाते, ते बरोबर नाही. ज्याच्या नावाने सिनेटने बोटे मोडली आणि मृत्यूनंतर ज्याची शिल्पे फोडली, त्या डोमिशियनने इ.स. ८२ मध्ये कस पुन्हा ऑगस्टसच्या पातळीवर नेला. तीन वर्षांनी त्याला थोडे मागे यावे लागले, तरीही त्याची नाणी आधीच्या आणि नंतरच्यांपेक्षा चांगलीच राहिली. उलट ‘सर्वोत्तम राजा’ ही पदवी नाण्यांवर मिरवणाऱ्या ट्राजनने जुनी चांगली नाणी गोळा करून आटवली आणि कस पुन्हा ८० टक्क्यांच्या आसपास आणला. तत्त्वज्ञ म्हणून ज्याचे गुणगान होते त्या मार्कस ऑरेलियसच्या काळात तो आणखी उतरला. त्याला उत्तर सीमेवरची युद्धे आणि साथीचा रोग एकाच वेळी भोवत होते. सम्राटाच्या सद्गुणांवरून कस ओळखायला जाणारा हमखास फसतो.

मोठी उडी सेप्टिमियस सेव्हेरसने मारली. १९३ मध्ये गादीसाठी यादवी माजली, सैनिकांचा पगार वाढला आणि १९४–१९५ मध्ये कस जवळजवळ निम्म्यावर आला. शिखर म्हणा की तळ, तो गॅलिएनसच्या अखेरच्या वर्षांत, २६० ते २६८ दरम्यान, गाठला गेला. तेव्हाच्या ‘चांदीच्या’ नाण्यात चांदी पाच टक्क्यांहूनही कमी होती आणि वर नुसता पांढरा मुलामा होता. तो झिजला की आतला तांबूस रंग दिसे. भेसळीचा मानकरी म्हणून एकच नाव हवे असेल तर गॅलिएनसचे घ्यावे. पण त्याचा बाप व्हॅलेरियन इराणी सम्राटाच्या कैदेत होता, गॉल फुटून निघाले होते आणि सीमेवर सर्वत्र लढाई होती, हेही सोबत लिहावे.

१२. सम्राटाच्या डोक्यावर काटेरी मुकुट दिसतो तो कशासाठी?

ते काटे नसून सूर्यकिरण आहेत. चांदीच्या नाण्यावर हा मुकुट म्हणजे दुप्पट किमतीची खूण. कॅराकॅलाने २१५ मध्ये सुमारे पाच ग्रॅमचे नवे नाणे काढले, त्याला आज अँटोनिनियनस म्हणतात. किंमत बहुधा दोन डिनेरियस, चांदी मात्र दीड डिनेरियसइतकी. एलागाबलसने ते बंद केले, २३८ मध्ये पुपिएनस आणि बाल्बिनस यांनी पुन्हा सुरू केले. सम्राज्ञींच्या नाण्यांवर मुकुटाऐवजी खांद्याखाली चंद्रकोर असते. ज्युलिया डोम्नापासून ही रीत दिसते.

१३. डिनेरियस संपले केव्हा, आणि त्यानंतर काय आले?

नियमित चलन म्हणून गॉर्डियन तिसरा याच्या काळात, २४० च्या सुमारास ते थांबले. अँटोनिनियनसने त्याची जागा घेतली आणि लवकरच स्वतःही हिणकस झाले. ऑरेलियनने २७४ मध्ये थोडी सुधारणा केली. खरी चांदी डायोक्लीशियनने २९४ च्या सुमारास परत आणली : आर्जेन्टियस नावाच्या या नाण्याचे वजन नीरोच्या प्रमाणाचेच होते, आणि काही नाण्यांवर पौंडात ९६ हा आकडा उघड छापला होता.

त्याच्याही आधी ब्रिटनमध्ये बंड करणाऱ्या कॅरॉसियसने (२८६–२९३) उत्तम चांदीची नाणी काढली होती. त्यांपैकी अनेकांवर खाली ‘आर एस आर’ अशी अक्षरे आहेत. ती टाकसाळीची खूण मानली जात होती. पुढे ती रोमन कवी व्हर्जिलच्या सुवर्णयुगावरील ओळीची आद्याक्षरे असल्याचे लक्षात आले. बंडखोराला कवितेचा आधार लागला आणि तो वाचणारे लोक ब्रिटनमध्ये असतील असे त्याला वाटले, ही गोष्ट मला कोणत्याही विजयचित्रापेक्षा जास्त आवडते.

१४. नाण्यावरील अक्षरांवरून वर्ष कसे काढायचे?

पदे मोजून. ट्राजनच्या एका नेहमीच्या डिनेरियसचे उदाहरण घेऊ. दर्शनी बाजूला ‘इम्प ट्रायानो ऑग गेर डाक’ आणि त्यापुढे पुरोहितपद व लोकाधिकार यांची आद्याक्षरे. मागच्या बाजूला ‘कॉस’, रोमन पाचाचा अंक, ‘राष्ट्रपिता’ या पदवीची आद्याक्षरे, मग ‘एस पी क्यू आर ऑप्टिमो प्रिंक’. ‘गेर’ आणि ‘डाक’ म्हणजे जर्मन आणि डाकियन लोकांवरचे विजय; दुसरी पदवी १०२ ची, म्हणून नाणे त्यानंतरचे. ‘कॉस पाच’ म्हणजे पाचव्यांदा कौन्सल, म्हणजे वर्षभराच्या मुदतीचा सर्वोच्च अधिकारी : ट्राजन १०३ मध्ये पाचव्यांदा आणि ११२ मध्ये सहाव्यांदा कौन्सल झाला. नाणे १०३ ते १११ या काळातले ठरले. लोकाधिकाराचा आकडा दरवर्षी वाढतो, तो दिला असेल तर नेमके वर्ष मिळते. ही युक्ती हेड्रियनच्या बाबतीत लंगडी पडते, कारण तो ११९ मध्ये तिसऱ्यांदा कौन्सल झाला आणि मृत्यूपर्यंत तिथेच थांबला.

सर्वांत मोठा सापळा ‘अँटोनिनस पायस’ या नावाचा आहे. अँटोनिनस पायस या सम्राटाखेरीज कॅराकॅला आणि एलागाबलस यांनीही हे नाव नाण्यांवर लावले. पुढे ‘ब्रिट’ किंवा ‘जर्म’ अशी विजयपदवी असेल तर नाणे कॅराकॅलाचे. अन्यथा चेहरा आणि मागची बाजू जुळवून पाहावी लागते.

१५. नाण्याची कड करवतीसारखी कापलेली आहे, आणि दुसऱ्याच्या आतून तांबे दिसते. दोन्ही खोटी का?

कापलेली कड प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळातील काही नाण्यांवर टाकसाळीतच केलेली असते. आत तांबे नाही हे दाखवण्यासाठी कड कापत, असे स्पष्टीकरण दिले जाते. पण कापलेल्या कडेची मुलाम्याची नाणीही सापडली आहेत, त्यामुळे ते पटत नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की जर्मन लोकांना ही जुनी कंगोऱ्यांची नाणीच विश्वासाची वाटत.

तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून ठसा मारलेले नाणे हे बहुधा त्या काळच्याच खोटे नाणे पाडणाऱ्याचे काम असते. म्हणजे ते खोटे आहे, पण प्राचीन आहे. अनेक डिनेरियसवर चंद्रकोर, चाक, अक्षर असे बारीक ठोके दिसतात; त्या सराफांच्या तपासणीच्या खुणा आहेत. गॅलिएनसच्या काळातले तांबूस नाणे मात्र सरकारीच असते (प्रश्न ११).

१६. रोमन डिनेरियस महाराष्ट्रात सापडतात का?

भारतातील मोठे साठे प्रामुख्याने दक्षिणेतले आहेत : कोइम्बतूर परिसर, आणि तेलंगणातील अक्कनपल्ली, जेथे दीड हजारांवर डिनेरियस एकत्र मिळाले. त्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच बहुसंख्या आहे, विशेषतः प्रश्न ९ मधील दोन नातवांचे आणि प्रश्न १० मधील बैठ्या स्त्रीचे. मालाबार किनाऱ्यावरचे व्यापारी नाणे मोजून नव्हे तर कस पाहून घेत होते, याचा हा पुरावा मानला जातो. नीरोच्या घटीनंतरचे चांदीचे नाणे दक्षिणेत फारच कमी येते. प्लिनीच्या तक्रारीप्रमाणे भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्शियस ओढून घेत होता, म्हणजे सव्वा कोटी डिनेरियस. आकडा फुगवलेला असू शकतो, रोख मात्र खरा आहे.

महाराष्ट्रात व्यापाराच्या खुणा भरपूर आहेत, डिनेरियस फार थोडे. इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोच, कल्याण, तेर यांचे उल्लेख आहेत आणि भडोचला रोमन सोने-चांदीची नाणी आणून स्थानिक चलनाशी बदलल्यास नफा होतो, असे स्पष्ट लिहिले आहे. कार्ले, जुन्नर आणि नाशिकच्या लेण्यांत यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावे आहेत. तेरला रोमन नाण्यांवरून बेतलेली मातीची पदके मिळाली, ती गळ्यात घालायची. मग चांदी गेली कुठे? एक समर्पक उत्तर असे की ती आटवली गेली. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, ती क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता. नहपानाच्या नाण्यावर राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरांतला लेख आहे. पुढे सातवाहनांनीही चांदीवर स्वतःचे चेहरे कोरले. यज्ञ सातकर्णीचे असे नाणे सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले. नहपानाच्या चांदीतला काही भाग रोमन असावा, हे मत अनेक अभ्यासक मांडतात.

१७. शेतात किंवा घराच्या पायात जुनी नाणी सापडली तर काय करावे?

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. नाणी धुऊ नयेत, वाटून घेऊ नयेत आणि ज्या मडक्यात सापडली ते मडके फेकू नये. साठ्याचा इतिहासाला उपयोग होतो तो एकत्र राहिल्यावरच. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील मराठी वाचक आजोळचा जुना डबा बरोबर नेण्याबद्दल विचारतात, त्यांना हेच उत्तर लागू आहे.

१८. खरे डिनेरियस विकत घेताना काय पाहावे?

आधी कागद, मग नाणे. ते कोणत्या संग्रहातून, कोणत्या वर्षी, कोणत्या लिलावातून आले याची साखळी विक्रेत्याने दाखवली पाहिजे, आणि ती स्वतंत्रपणे पडताळता आली पाहिजे (प्रश्न ७ चा शेवट पाहावा). नाण्यात पुढील गोष्टी संशयास्पद : कडेभोवती सांधा, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे, ठशाच्या धारदार रेषांऐवजी साबणासारखी गुळगुळीत अक्षरे. हे ओतीव नाण्याचे लक्षण आहे. डिनेरियस घाव घालून पाडलेले असते. दोन नाण्यांवर अगदी तीच झीज आणि तोच ओरखडा दिसला तर दोन्ही नाकारावीत. वजन ताडून पाहावे : नीरोपूर्वीचे नाणे साधारण पावणेचार ग्रॅम भरावे, नंतरचे सव्वातीनच्या आसपास. अभ्यासासाठी पैसे खर्च करण्याची गरजही नाही. चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांचा मोठा संग्रह आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे.

१९. चांदी काळी पडली आहे. घरच्या चांदीच्या भांड्यांसारखी घासू का?

नको. चिंच, राख, टूथपेस्ट, रांगोळी यांपैकी काहीही लावू नये. तो काळपट थर नाण्याचे संरक्षण करतो, त्याच्यावरून झिजलेली अक्षरे वाचता येतात आणि बाजारातही त्याचीच किंमत असते. माती असेल तर शुद्ध पाण्यात भिजवून मऊ ब्रशने अलगद काढावी. प्राचीन चांदी शतकानुशतकांत ठिसूळ झालेली असते. काही नाणी बोटांच्या दाबानेही तडकतात, म्हणून कड धरून उचलावीत आणि पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नयेत, कारण त्यातून सुटणारा हिरवा चिकट थर चांदी खातो.